हद्दीवरचा निळा

ओदेद दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी चुलीवर गुळासाठी आरेनच्या माडाचा रस आटवत होते. त्या झाडाचा रस एकदा उकळायला लागला की हातातला डाव थांबवता येत नाही, थांबवला की तळाला लागलाच. म्हणून मागे वळूनही न बघता मी पाठच्या भावाला म्हटलं, "आत ये. आणि चिखलाचे पाय घेऊन चटईवर बसू नकोस."

"बसायला नाही आलो, तेतेह."

याला काही हवं असलं की हा "तेऽतेह, तेऽतेह" करत थोरल्या बहिणीच्या मागे मागे फिरतो, लग्न होऊन दोन पोरांचा बाप झाला तरी. आज सूर वेगळा होता. मी वळून बघितलं. टोपी हातात धरून पिळत होता.

"खालच्या वाडीचं ठरलंय," तो म्हणाला. "येत्या सोमवारी ओढ्याकाठच्या राईत पिंजरे टांगायचे."

झालं. डाव तसाच कढईत राहिला आणि त्या दिवशीचा सगळा घाणा करपला.

ओढ्याकाठची राई म्हणजे आमचं पोट. त्या आरेनच्या झाडांवर माझा नवरा सारीप लग्नाआधीपासून चढतोय. फुलाचा दांडा तयार झाला की त्याला लाकडी हातोडीने आठवडेच्या आठवडे हलकं हलकं ठोकायचं, झुलवायचं, कानाशी गुणगुणायचं, तेव्हा कुठे तो रस सोडतो. मेला माझ्याशी कधी इतकं गोड बोलला नाही, जितका त्या झाडांशी बोलतो. पण झाडं ज्याच्या हद्दीत, त्याची. आणि आमच्या डोंगरावर हद्द पक्षी सांगतो.

जंगलात दगड रोवून काही उपयोग नसतो. एका पावसात दरड येते आणि दगड ओढ्यात. म्हणून आमच्या पणज्या-खापरपणज्यांनी हद्द पक्ष्यांवर सोडून दिली. खालच्या रानात खालचा निळा राहतो, वरच्या रानात वरचा निळा. दिसायला दोघे सख्खे भाऊ, निळी पाठ, नारिंगी छाती. पण खालच्याचं गाणं आखूड आणि उद्धट, वरच्याचं लांबलचक, बासरी वाजवल्यासारखं. आणि एकाला दुसरा आपल्या जागेत मुळीच खपत नाही. जिथवर खालचा निळा गातो तिथवर खालची वाडी, म्हणजे माझं माहेर; तिथून पुढे वरची, माझं सासर. तंटा झालाच तर दोन्ही वाड्यांनी आपापला पाळलेला निळा पिंजऱ्यात घालून एकाच झाडाला टांगायचा. पहाटेची नमाज झाली की सुरुवात. रानातला ज्या जातीचा नर पिंजऱ्यावर चाल करून येईल, त्याच्या वाडीची जागा. ऊन कड्यावर येईपर्यंत कुणीच आलं नाही, तर जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडेच राहते.

इतकी वर्षं सगळं नीट चाललं होतं. पण हल्ली खालचा निळा वर सरकायला लागलाय. कुणी म्हणतं खाली उकाडा वाढलाय, कुणी म्हणतं कोबीच्या मळ्यांवरच्या फवारणीला कंटाळलाय. काही का असेना, गेल्या पावसाळ्यापासून एक खालचा निळा आमच्या राईत ठाण मांडून बसला होता आणि ही गोष्ट दोन्ही वाड्यांत पोरासोरांनाही माहीत होती.

"तुला लाज नाही वाटत?" मी ओदेदला म्हटलं. "माझ्या हातचा गूळ खाऊन वाढलास आणि माझीच चूल विझवायला निघालास?"

"मी निघालोय का? म्हातारे ऐकत नाहीत. आणखी दोन महिने थांबा म्हणून घसा कोरडा केला मी."

"दोन महिन्यांनी काय करणार होतास? बँडबाजा लावून येणार होतास?"

"तेतेह, पिंजऱ्यातला पक्षी माझा आहे. म्हणून निरोपही मीच आणायचा असं आपल्या थोरल्या अबाह विर्यांनी सांगितलं. मी काय करू?"

"त्या पक्ष्याची मान मुरगाळ, दुसरं काय!"

सारीप मागच्या दाराने आत आला होता, रसाने भरलेल्या बांबूच्या नळ्या खांद्यावर तशाच. त्याने सगळं ऐकलं. नळ्या भिंतीला टेकवल्या आणि म्हणाला, "एन्तिन, त्याला कॉफी दे."

"कॉफी? याला?"

"कॉफी दे."

ओदेद कॉफी न पिताच गेला.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. घरात पाय ठरेना. भाजीची देठं भांड्यात टाकायची आणि निवडलेला पाला चुलीत घालायचा, असली माझी गत. सारीपचं तर विचारूच नका. दिवसातून चार चार वेळा राईत जायचा, रिकाम्या हाताने परत यायचा, पायरीवर बसायचा, पुन्हा उठायचा. आमच्याकडे नवऱ्याला, थोरल्या पुरुषाला कांग म्हणतात; मी म्हणायची, "एका जागी बसा हो, कांग! तुमच्याकडे बघून मला चक्कर येते." तो बसायचा. लगेच मीच उठायची.

"दिसतो का तो?" मी एकदा विचारलं.

"दिसतो ना. ओढ्यावर आंघोळ करतो रोज संध्याकाळी, दगडांच्या मधे."

"गातो?"

"माझ्या कानात दिवसभर हातोडीच वाजत असते. गात असेल. आहे म्हणजे गाणारच."

मी पक्षी धरणाऱ्याच्या घरची लेक. माझा बाप आवाजावरून सांगायचा की नर कुठल्या फांदीवर आहे आणि त्याचं वय काय. सारीपला तसलं काही कळत नाही. त्याला झाडं कळतात. पण त्या वेळी दोघांनाही एकच कळत होतं: तो पक्षी सोमवारी पिंजऱ्यावर आला की आमची राई गेली.

शनिवारी दिवेलागणीला सारीप आला तो लुंगीचा सोगा मुठीत घट्ट धरून. आत आला, दार लावलं आणि सोगा माझ्या मांडीवर सोडला. त्यात तो निळा होता. फणसाच्या चिकाने लडबडलेला, पंख अंगाला चिकटलेले, चोच उघडी, छाती धडधडत होती.

"अस्तगफिरुल्लाह! कांग, हे काय केलंत?"

"आंघोळीच्या दगडावर काडीला चीक लावला. आता मला काही विचारू नकोस. आणि मला तो दाखवू पण नकोस."

तो भिंतीकडे तोंड करून बसला. पिंजरे टांगायचे ठरल्यावर त्या जागेतल्या पक्ष्याला हात लावायचा नाही, हे लहान पोरालाही माहीत असतं. माझ्या नवऱ्याने आयुष्यात शेजाऱ्याची मिरचीसुद्धा न विचारता तोडलेली नाही. मला त्याचा राग आला, दयाही आली, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला.

मी खोबरेल तेल घेतलं, राख घेतली, आणि दिव्याच्या उजेडात एकेक पीस सोडवत बसले. शेपटी तर पूर्ण गेलेली. डोक्यावरची पिसं जागोजाग विरळ, गळा उघडा पडलेला. चिकाने ओढून काढली असणार. मी त्याला हळूहळू पुसत होते आणि मनात म्हणत होते, बाबा, दोन दिवस गप बस, मग तुला सोडते. तोही गप होता. एकदासुद्धा ओरडला नाही.

"जागा रिकामी राहत नाही, कांग," मी म्हटलं. "बाबा एकाच फांदीवर वर्षभर पक्षी धरायचे. आज एक धरला की परवा तिथे दुसरा हजर."

"मग दुसरा वरचा येईल," सारीप भिंतीला सांगत होता. "राईच्या डोक्यावर आपलंच रान आहे. रिकामी जागा दिसली की वरचा निळा उतरेल. उतरायला काय लागतं?"

"आणि खालून आला तर?"

"वरून जवळ पडतं."

मला ते पटवून घ्यायचं होतं, म्हणून मी पटवून घेतलं. पिंजरा तांदळाच्या टोपलीमागे ठेवला, वर जुनं कापड टाकलं. रविवारी सारीपला मी राईत जाऊ दिलं नाही. म्हटलं, तिथे घुटमळताना कुणी बघितलं तर संशय येईल. दिवसभर तो घरातच येरझाऱ्या घालत होता.

पिंजरे टांगायला बायका जात नाहीत. सोमवारी मी गेले. खालच्या वाडीतला एक म्हातारा मला बघून खाकरला, तर मी त्याच्याहून मोठ्याने खाकरले. अबाह विर्या दोन्ही वाड्यांचे मोठे, ऐंशीच्या घरातले. ते नुसते म्हणाले, "येऊ दे तिला. रस तीच आटवते ना?"

धुकं इतकं दाट होतं की झाडाचा बुंधा दिसायचा, शेंडा दिसत नव्हता. मधल्या मोठ्या झाडाला दोन पिंजरे टांगले. एकात ओदेदचा खालचा निळा, दुसऱ्यात आमच्या वाडीचा वरचा. मग सगळे मागे सरून बसलो. बोलायचं नाही, विडी ओढायची नाही, खोकला आला तर सोगा तोंडात कोंबायचा. समोरच्या बाजूला ओदेद उकिडवा बसला होता. मला वाटलं, जिंकायला आलाय तर छाती काढून बसेल. पण त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला आणि तो नखं कुरतडत होता. म्हटलं, बरं झालं, यालाही भीती वाटतेय.

पिंजऱ्यांवरची कापडं काढली. आमच्या वरच्या निळ्याने आधी तोंड उघडलं. काय गायला म्हणून सांगू! लांबच लांब ताना, एक संपली की दुसरी. मी वर बघत होते. सारीप वर बघत होता. आमची सगळी वाडी माना मोडेपर्यंत वर बघत होती. ये रे बाबा, कुणीतरी ये. तुझ्या जागेत कोण गातोय ते तरी बघायला ये.

वरून कुणीही आलं नाही. पानही हललं नाही.

मग ओदेदचा गायला. आखूड, उद्धट. आणि खालून, ओढ्याच्या वाकणावरून, लगेच उत्तर आलं.  तेवढ्यात डाव्या बाजूने दुसरं उत्तर. मग तिसरं, आमच्या पाठीमागून, अगदी जवळून! तीन तीन खालचे निळे, नवेकोरे, तरणेताठे, अंगावर पीस न् पीस जागच्या जागी. एकमेकांच्या अंगावर धावून जात होते, पानं झडत होती, ओरडून ओरडून राई डोक्यावर घेतली होती. रिकाम्या जागेवर हक्क सांगायला आले होते मेले. त्यातला एक ओदेदच्या पिंजऱ्यावर जाऊन आदळला आणि गजांतून चोच मारायला लागला. दुसऱ्याने तर आमच्याच पिंजऱ्यावर झडप घातली. आमचा गायचा थांबला आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला.

खालच्या वाडीची पोरं ओरडायला लागली. अबाह विर्यांनी हात वर केला, तशी गप्प झाली.

"वरून एकसुद्धा नाही," आमच्या वाडीतला कुणीतरी पुटपुटला.

"कुठून येणार?" अबाह म्हणाले. "वरच्या निळ्याला गारुतच्या बाजारात मागणी आहे म्हणून तुम्ही लोकांनी वरचं रान झाडून नेलंत. आता कुणाला हाका मारताय?" मग त्यांनी सारीपकडे बघितलं. आवाज खाली आला. "राई खालच्या वाडीची. उद्यापासून झाडं ओदेदकडे."

सारीपने मान हलवली.  घरी येईपर्यंत माझ्या दोन पावलं पुढे चालत होता आणि मला त्याची नुसती पाठ दिसत होती. पाठीवरूनसुद्धा कळतं माणसाचं.

दुपारी ओदेद आला. केळीच्या पानात बांधलेला खारा मासा घेऊन. मी दारातच अडवला.

"आता काय उरलंय न्यायला? कढई नेतोस?"

"तेतेह, आत येऊ दे."

"ये ना. तुझंच आहे सगळं. चटईपण तुझ्या हद्दीत येते का बघ. थांब, पक्षी आण, टांगून बघू."

तो आला आणि भिंतीला टेकून मटकन खाली बसला. त्याचे डोळे लाल झाले होते. मला वाटलं सकाळपासून नाचला असेल. सारीप मागच्या पायरीवर बसून कोयता घासत होता, उगाचच, धार आधीच होती. मी रागारागाने कॉफी केली आणि रागारागाने त्याच्यापुढे आदळली.

तेवढ्यात तांदळाच्या टोपलीमागे कुडुक करून आवाज झाला. पिंजऱ्यात पक्षी एका काठीवरून दुसरीवर उडी मारतो तेव्हा होतो तो. दुसऱ्या कुणाला उंदीर वाटला असता. ओदेद पक्षी धरणाऱ्याचा मुलगा. कप खाली ठेवून तो उठला, मी "अरे, तिकडे कुठे" म्हणेपर्यंत त्याने टोपली सरकवून कापड वर केलं होतं.

कोयता घासायचा आवाज थांबला.

ओदेद पिंजऱ्याशी वाकला. मग त्याने पिंजऱ्यात हात घातला, पक्षी अलगद बाहेर काढला, उताणा धरला आणि त्याच्या छातीवर फुंकर मारली. बाबा मारायचे तशीच. पिसं दुभंगली. खाली कातडीवर सगळीकडे बारीक निळे काटे उगवलेले, कोंबासारखे.

"कुठे धरला?" त्याने विचारलं. 

 पायरीवरून सारीप म्हणाला, "ओढ्यावर. शनिवारी."

"कांग," ओदेद म्हणाला, "तुम्ही त्याच्या छातीवर फुंकर पण मारली नाहीत?"

"मी त्याच्याकडे बघितलंच नाही."

"हा पिसं टाकतोय! महिना झाला. शेपटी चिकाने नाही गेली, तेतेह, त्याने आपणहून टाकलीय. पिसं टाकताना हे गात नाहीत, पिंजऱ्यावर येत नाहीत. तोंड मिटून झुडपात बसतात. पण जागा सोडत नाहीत! दुसरा कुणी आला की गुपचूप चोचीने हुसकून लावतात. मी रोज पहाटे वाकणावर येऊन कान देत होतो. चूं नाही की चां नाही. म्हणून तर म्हाताऱ्यांना सांगत होतो, दोन महिने थांबा. नाही ऐकलं. रात्रभर माझा डोळा लागला नाही. माझा पक्षी गाणार, समोरून काहीच येणार नाही आणि सगळी वाडी मला फाडून खाणार, हेच दिसत होतं." तो थांबला. "हा तिथे असता ना, तर आज ऊन कड्यावर आलं असतं आणि आपण सगळे मुकाट घरी गेलो असतो. राई तुमचीच राहिली असती."

 मला काय वाटलं ते कसं सांगू. मोठ्याने हसावंसं वाटलं, आणि कढई उचलून कुणाच्या तरी डोक्यात घालावीशी वाटली. कुणाच्या? नवऱ्याच्या? ज्याने जन्मात एकदाच वाकडं पाऊल टाकलं आणि तेही असं? की माझ्या स्वतःच्या? मी ते अंग दोन संध्याकाळ पुसलं होतं. माझी बोटं त्या काट्यांवरून फिरली होती, आणि मला वाटलं राख टोचतेय.

"तू सांगणार आहेस अबाहना?" मी विचारलं.

"काय सांगू? माझ्या बहिणीच्या घरात हद्दीतला पक्षी सापडला म्हणून?" त्याने पक्षी पुन्हा पिंजऱ्यात ठेवला.  "सांगितलं तरी राई परत मिळणार नाही. वर तोंड दाखवायला जागा राहणार नाही तुम्हाला."

"निदान त्याला तरी सोडून देऊ," मी म्हटलं. "राईत नेऊन."

"नको, तेतेह. तिथे आता तिघे आहेत. शेपटी नसलेल्याला ते टिकू देणार नाहीत. राहू दे तुझ्याकडेच. किडे घाल."

मग मला रडू फुटलं. भावासमोर, नवऱ्यासमोर, हुंदके देऊन रडले, तोंडात पदर कोंबायचंही सुचलं नाही. ओदेद माझ्या शेजारी बसून लहानपणासारखं "तेऽतेह, तेऽतेह" करत राहिला. त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

सारीप उठून आत आला. कोयता हातात होता. मला एक क्षण भीती वाटली. पण त्याने तो ओदेदपुढे चटईवर ठेवला, मूठ त्याच्याकडे करून.

"ओदेद, कधी दांडा ठोकलायस?"

"नाही, कांग."

"मधल्या झाडाचा दांडा चार-पाच दिवसांत कापायला होईल. त्याला जोरात मारू नकोस, रुसतो. ओढ्याकडच्या झाडाची शिडी वरून कुजलीय, चौथ्या खाचेवर पाय देऊ नकोस. आणि ठोकताना काहीतरी म्हणत जा. काहीही चालतं, पण गप्प राहून ठोकायचं नाही." त्याने कोयता आणखी थोडा पुढे सरकवला. "उद्या पहाटे ये. तू वर चढ, मी खालून सांगतो."